बोक्याला एफआयव्ही निघालाय, घरात ठेवायचा की नको? अक्का बाळंतपणाला आलीय

मागवाला_वडगाव

नमस्कार मंडळी, इथं बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज लिहायची वेळ आली. आमच्याकडं गुंड्या म्हणून बोका आहे, सहा वर्षांचा, पांढरा आणि पाठीवर केशरी डाग. मागाच्या खोलीतच जन्मला, तिथंच वाढला, रात्री माग बंद झाला की अजून गरम असलेल्या मोटारीजवळ जाऊन अंगाची गुंडाळी करून पडतो म्हणून नाव गुंड्या. दिवसा घरात आणि पहाटे गल्लीभर फिरणार, आमच्या बोळात त्याचाच दरारा. खच्चीकरणाचं ऑपरेशन केलेलं नाही, ती चूक आमचीच, आई म्हणायची बोक्याला असलं काय करायचं नसतंय आणि मीही सोडून दिलं.

मागच्या गणपतीत मारामारी करून आला, मानेला चावलेलं, चार दिवसात लिंबाएवढं गळू झालं. ते फोडून साफ करून आणलं, भरून आलं. पुढं दोन-तीन महिन्यांनी तोंडाचं सुरू झालं. ताटली ठेवली की पळत येतोय, वास घेतोय, एक घास उचलतोय आणि एकदम किंचाळून मागं सरतोय, पुढच्या पायानं तोंड घासतोय, परत ताटलीकडं येतोय आणि परत तेच. म्हणजे भूक आहे पण खाता येईना झालंय. लाळेची तार लोंबत असते, छातीवरचे पांढरे केस चिकटून तपकिरी पडलेत, वास तर असा की मांडीवर घेतला की पोटात ढवळतंय. पाच किलोचा होता, आता पावणेचार.

एका दवाखान्यात चार महिने दर तीन आठवड्यानं एक इंजेक्शन दिलं. दिलं की पाच-सहा दिवस बरा खायचा, मग पहिल्यासारखं. कसलं इंजेक्शन विचारलं तर सूज उतरायचं एवढंच सांगायचे, रक्त तपासा म्हणून एकदाही कुणी म्हणालं नाही. शेवटी परवा दुसऱ्या डॉक्टरांकडं नेला, त्यांनी ओठ वर करून बघितलं, मागच्या दाढांच्या इथं सगळं लाल भडक, फुगून फुलकोबीसारखं झालेलं, म्हणाले आधी टेस्ट करूया. थोडंसं रक्त घेतलं, दहा मिनिटं थांबलो आणि किटवर ठिपका उमटला. एफआयव्ही, म्हणजे मांजरांचा एक विषाणू, त्याची पॉझिटिव्ह, मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची निगेटिव्ह.

खरी अडचण त्याच्यापुढं आहे. डॉक्टर कन्नडमधून समजावत होते, मला येतंय पण आईला तेवढं कळत नाही, तिला सगळ्यातला एकच शब्द कळला, एड्स. घरी येईपर्यंत काय बोलली नाही आणि दारात पाय ठेवल्या ठेवल्या सुरू झाली. अक्का बाळंतपणाला माहेरी आलीय, सातवा महिना चालू आहे. आई म्हणते पोटुशी पोरगी घरात असताना हा रोग नको, पोत्यात घालून मासळी मार्केटात सोडून ये, खाऊन जगेल. दाजींचाही फोन येऊन गेला. अक्का गप्प बसून रडालीय, कारण गुंड्याची आई मेल्यावर तिनंच त्याला रात्री उठून उठून ड्रॉपरनं पाजून जगवलाय. घरात अजून एक भाटी आहे, चिमी, तिचं ऑपरेशन झालंय, दोघं एकाच ताटलीत खातात, ती त्याला चाटते पण.

मला एवढंच विचारायचंय, हे माणसाला होतंय का, अक्काला आणि बाळाला धोका आहे का, चिमीला झालं असेल का, आणि गुंड्या आता किती दिवसांचा आहे. ज्यांना माहिती आहे त्यांनी स्पष्ट सांगा, आईला वाचून दाखवणार आहे.

---

खानापूर_घाटाखाली

दादा, आधी त्याला पोत्यात घालायचं डोक्यातून काढून टाका. मी खानापूरची, आमच्या काळूला हेच निघालं होतं आणि त्यानंतर तो चार वर्षं जगला, शेवटी म्हातारपणात किडनीनं गेला. त्या चार वर्षांत घरात माझी दोन लहान मुलं त्याच्या अंगाखांद्यावर खेळली, कुणाला काय झालं नाही. आम्हालाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं, सासूबाईंनी दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं त्याला. मग तिसऱ्या दिवशी त्यांनीच भात कालवून दिला, कारण तो उंबऱ्यापाशी बसून नुसता बघत होता.

तोंड दुखणाऱ्याला मासळी मार्केटात सोडला तर तो काटे चावणार कसा? तिथले बोके त्याला चावणार आणि हा त्यांना चावणार, म्हणजे रोग चार ठिकाणी पोचला. तुमच्या आईंना एवढं सांगा की घरात ठेवला तरच हा रोग थांबतोय.

खायला काय द्यायचं ते सांगते, कारण तोंड बरं होईपर्यंत तेच महत्त्वाचं. कोंबडीचं बिनहाडाचं मांस मऊ शिजवून मिक्सरला लावायचं, त्याच पाण्यात पातळ करायचं, मीठ हळद कांदा लसूण काही नाही, कांदा-लसूण तर मांजराला विषच. कोमट असताना द्यायचं, गार दिलं की वास येत नाही आणि तोंड लावत नाहीत. बांगडा दिला तर उकडून, बोटानं चाचपून एकेक काटा काढून. खोलगट वाटीत देऊ नका, पसरट ताटलीत द्या, वाटीच्या कडेला गाल घासला की त्यांना दुखतं. काळू असाच आठ दिवसांत परत खायला लागला होता.

---

निपाणी_पशुवैद्य

मी निपाणी भागात प्रॅक्टिस करतो, जास्त काम गाई-म्हशींचं पण गेल्या काही वर्षांत मांजरं खूप येतात. सविस्तर लिहितो, आईंना वाचून दाखवायचं आहे म्हणालात म्हणून.

पहिली गोष्ट, हा माणसाचा एड्स नाही. एफआयव्ही हा मांजरांचा विषाणू आहे. १९८६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावच्या मांजरांत तो सापडला, नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो या दोघांनी शोधला. त्याच्या तीनच वर्षं आधी माणसाचा एचआयव्ही सापडला होता, दोन्ही एकाच घराण्यातले आणि दोन्ही शरीराची प्रतिकारशक्ती हळूहळू पोखरतात, म्हणून लोक त्याला मांजराचा एड्स म्हणायला लागले आणि ते नावच घात करतं. घराणं एक असलं तरी हा विषाणू माणसाला लागत नाही. चावून, ओरबाडून, चाटून, लाळ लागून, कशानंही नाही. इतकी वर्षं जगभर आम्ही जनावरांचे डॉक्टर असल्या बोक्यांचे चावे खातोय, एकालाही झालेला नाही. अक्कांना नाही, बाळाला नाही, आईंना नाही.

मांजरातून मांजरात जातो तो मुख्यतः खोल चाव्यातून. विषाणू लाळेत असतो आणि दात मांसात रुतले की आत जातो, म्हणून ऑपरेशन न केलेले, बाहेर फिरणारे, हद्दीसाठी भांडणारे बोके यात सगळ्यात जास्त सापडतात. तुम्ही मानेच्या गळवाचं लिहिलंय, त्या चाव्यातूनच आला असेल असं छातीठोक सांगता येणार नाही, आधीच्याही मारामाऱ्या असतील, पण गोष्ट अशीच असते. अंगाबाहेर हा विषाणू फार टिकत नाही, साध्या साबणाच्या पाण्यानं मरतो. एका ताटलीत खाऊन, एकमेकांना चाटून पसरण्याची शक्यता खूप कमी. घरात जी मांजरं एकमेकांशी भांडत नाहीत त्यांच्यात तो सहसा जात नाही. तरी चिमीची एकदा टेस्ट करून घ्या, निगेटिव्ह आली तर दोन महिन्यांनी परत एकदा, कारण ही टेस्ट विषाणू शोधत नाही तर त्याच्याविरुद्ध रक्तात तयार झालेली अँटिबॉडी शोधते आणि ती तयार व्हायला साधारण ६० दिवस लागू शकतात.

गुंड्या किती दिवसांचा, याचं उत्तर दिवसांत देऊ नका कुणाला. लागण झाल्यावर थोडे दिवस ताप, गाठी सुजणं असं होऊन जातं, बहुतेक वेळा मालकाच्या लक्षातही येत नाही, मग वर्षानुवर्षं मांजर ठणठणीत असतं. बरीच मांजरं आपलं पूर्ण आयुष्य जगून जातात. नुसती टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून मांजर मारायचं नाही हे आता जगभरच्या मांजरांच्या डॉक्टरांचं एकमत आहे. गुंड्याला त्रास आहे तो तोंडाचा आणि त्याच्यावर इलाज आहे.

औषधाला दाद देत नसेल तर मागच्या दाढा काढून टाकणं, कधी सगळेच दात. ऐकायला क्रूर वाटतं पण दाताच्या मुळाशी जो दाह धुमसत असतो तो त्याशिवाय विझत नाही, आणि दात काढल्यावर बऱ्याच मांजरांना मोठा आराम पडतो. बिनदाताची मांजरं मऊ अन्न मजेत खातात, मी स्वतः पाहिलीत. त्याआधी रक्ताची पूर्ण तपासणी, किडनी-लिव्हर, आणि पूर्ण भूल देऊन दातांचा एक्स-रे, मूळ आत तुटून राहिलं तर उपयोग नाही. हे ज्यांना जमतं त्यांच्याकडेच करा, बेळगावात नाही जमलं तर कोल्हापूर फार लांब नाही. त्याच भुलीत खच्चीकरणही उरकता येतंय का ते डॉक्टरांना विचारा, तब्येत बघून ते ठरवतील.

एक कळकळीचं सांगणं, दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. दरवर्षी असं एखादं मांजर माझ्याकडे येतं, हिरड्या निळसर तपकिरी पडलेल्या, तोंड सुजलेलं, आणि मालक म्हणतो अर्धीच दिली होती.

---

कॅम्प_जुना_बंगला

सगळे चांगलं चांगलं सांगालेत पण मी वेगळं सांगतो, राग मानू नका. आमची एक मांजर असल्याच आजारानं गेली, शेवटचे दोन महिने तिचे हाल बघवत नव्हते, मी रोज म्हणायचो देवा ने हिला. आपण आपल्या समाधानासाठी त्यांना जगवत बसतो. शांतपणे झोपेचं इंजेक्शन द्यावं आणि मोकळं करावं, त्यात पाप नाही. घरात पोटुशी बाई आहे, उद्या काय झालं तर मांजराचंच नाव घेतील.

---

खानापूर_घाटाखाली

काका तुमचं दुःख कळतंय, पण तुमच्या मांजरीला नक्की काय होतं? टेस्टमध्ये काय आलेलं?

---

कॅम्प_जुना_बंगला

ल्युकेमिया म्हणाले होते. कागद आहे अजून.

---

निपाणी_पशुवैद्य

काका, तो वेगळा विषाणू. फेलाइन ल्युकेमिया जास्त घातक, तो एकत्र चाटण्या-खाण्यातूनही पसरतो आणि त्यातली मांजरं लवकर जातात. एकाच किटवर दोन्ही तपासतात म्हणून लोकांच्या मनात दोन्हीची सरमिसळ होते. तुमच्या मांजरीच्या बाबतीत तुम्ही जे सोसलं ते खरं आहे आणि शेवटच्या अवस्थेत झोपेचं इंजेक्शन देणं ही दयाच असते, मी स्वतः देतो. पण गुंड्या त्या अवस्थेत नाही, तो ताटलीकडं पळत येतोय. पळत येणाऱ्या जनावराचा आधी इलाज करायचा.

---

मागवाला_वडगाव

डॉक्टर, काय बोलू, रात्री आईला सगळं वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं. चावून ओरबाडून होत नाही तिथं थांबवून विचारली नक्की का, म्हटलं नक्की. पोत्याचा विषय काढला नाही परत. पण तिचा एक प्रश्न आहे आणि मलाही उत्तर येईना, शेजारच्या मावशींनी तिला सांगितलंय की मांजराच्या घाणीनं पोटातल्या बाळाला काहीतरी होतंय, हे खरं की खोटं? आणि ते सूज उतरायचं इंजेक्शन, मी जुने कागद शोधले, एकावर नाव आहे, ट्रायअम्सिनोलोन. हे काय असतंय? अजून एक, तो मधी एकदा बाबांना चावलाय, गोळी पाजताना, अंगठ्याला, बारा-पंधरा दिवस झाले, जखम भरलीय.

---

निपाणी_पशुवैद्य

शेवटचं आधी घेतो. बाबांनी रेबीजची लस घेतली का? एफआयव्हीची काळजी नको पण ही हवी. गुंड्या बाहेर फिरतो, त्याला रेबीजची लस दिलेली आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. बारा-पंधरा दिवस झाले आणि बोका जिवंत आहे, वागणं नेहमीचं आहे, ही दिलासा देणारी गोष्ट आहे, तरी आज सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना दाखवा, किती दिवस झाले ते सांगा आणि ते म्हणतील तसं करा. पुढं कधीही मांजर-कुत्रं चावलं की लगेच १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद-चुना काही लावायचं नाही.

आता मावशींचं. त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण त्याचा एफआयव्हीशी संबंध नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी आहे, कुठल्याही मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडू शकतो, आणि गरोदर बाईला पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर बाळाला धोका असतो. मांजर साधारण आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे तो टाकतं, आणि टाकल्यावर लगेच तो लागत नाही, बाहेर एक ते पाच दिवस पडून राहिला की मग लागण्याजोगा होतो. म्हणून अक्कांनी मांजराची घाण काढायची नाही, ते काम तुम्ही करा आणि रोजच्या रोज करा, साठवू नका. अक्कांनी परसातल्या मातीत हात घातला तर हातमोजे घालावेत, भाजी नीट धुवावी, मटण पूर्ण शिजलेलंच खावं, कारण हा परजीवी कच्च्या-अर्ध्या मांसातूनही येतो. मांजराला हात लावला, मांडीवर घेतलं म्हणून होत नाही. त्यांच्या बाईंना, म्हणजे डॉक्टरांना, घरात मांजर आहे एवढं सांगून ठेवा, हवी तर त्या रक्त तपासतील. याच कारणानं गुंड्याला आणि चिमीला कच्चं मांस बंद, कच्ची मासळीही नको.

ट्रायअम्सिनोलोन हे स्टेरॉइड. कधी कधी ते लागतं, मीही वापरतो, दुसऱ्या डॉक्टरांनी काय बघून दिलं ते मला माहीत नाही म्हणून त्यावर बोलत नाही. पण टेस्ट न करता महिनोन्महिने देणं बरं नव्हे, ते दाह दाबतं तशी प्रतिकारशक्तीही दाबते आणि ती गुंड्याची आधीच कमी आहे, शिवाय मांजरांना त्यानं डायबेटिस होऊ शकतो. नव्या डॉक्टरांना तो कागद दाखवा, शेवटचं इंजेक्शन कधी दिलं ती तारीख सांगा, आणि रक्तातली साखरही बघायला सांगा. अजून एक लक्षात ठेवा, त्याला कधी नायटा झाला आणि कुणी ग्रिसिओफुल्विन लिहिलं तर एफआयव्ही आहे म्हणून आधी सांगा, या मांजरांत ते औषध रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी करू शकतं.

---

गोवावेस_मांजरवाली

मध्येच विचारते, माफ करा. मी एक पिल्लू उचलून आणलंय पावसात भिजलेलं, दोन महिन्यांचं, त्याची टेस्ट केली तर एफआयव्ही पॉझिटिव्ह आली, दत्तक घेणारे होते त्यांनी लगेच नाही म्हणून सांगितलं. एवढंसं पिल्लू, त्याचं काय चुकलं?

---

निपाणी_पशुवैद्य

ताई, दोन महिन्यांच्या पिल्लाच्या पॉझिटिव्हवर जाऊ नका. वर लिहिलं तसं ही टेस्ट अँटिबॉडी बघते, आणि आई पॉझिटिव्ह असेल तर तिच्या दुधातून आलेली अँटिबॉडी पिल्लाच्या अंगात काही महिने असते. विषाणू स्वतः आईकडून पिल्लात जाणं फार कमी वेळा होतं. सहा महिन्यांचं झालं की परत टेस्ट करा, बहुतेकदा निगेटिव्ह येते. तोवर घरात ठेवा, लसी वेळेवर द्या, आणि दत्तक घेणाऱ्यांना हा निरोप दाखवा.

---

गोवावेस_मांजरवाली

दाखवला. ते म्हणालेत सहा महिने थांबतो पण तेच पिल्लू द्या. डोळ्यात पाणी आलं माझ्या. मागवाला दादा, तुमच्या घरी गॅलरी असेल तर जाळी मारून घ्या, बोका आत राहायला लागला की पहिले पंधरा दिवस दाराशी ओरडून डोकं उठवतो, उन्हात बसायला जागा मिळाली की गप्प होतो. आमच्याकडं असंच केलंय, प्लॅस्टिकची नको, दातानं कुरतडतात, लोखंडी घ्या.

---

मागवाला_वडगाव

उशीर झाला लिहायला, कामाचा रगाडा होता. बाबांना त्याच दिवशी दवाखान्यात नेलं, लस सुरू केली. चिमी निगेटिव्ह आली, दोन महिन्यांनी परत बोलावलंय. गुंड्याची साखर बरोबर आहे, किडनी चांगली आहे, थोडं रक्त कमी आहे. येत्या गुरुवारी मागच्या सगळ्या दाढा काढायच्या ठरल्यात, आपल्याच डॉक्टरांनी कोल्हापूरच्या एकांना फोन करून तारीख घेतली. तोवर दुखणं कमी करायचं औषध दिलंय, थेंबानं गालात सोडायचं, दुसऱ्या दिवसापासून फरक आहे, काल मिक्सरमधलं चिकन दोन चमचे किंचाळल्याशिवाय खाल्लं.

गल्लीत सोडायचं बंद केलं. पहाटे चारला दाराला नखं मारतोय, मग मी उठून मागाच्या खोलीत नेऊन बसवतो, तिथं पोतेऱ्यावर लोळतोय आणि थोड्या वेळानं झोपतोय. आई अजून हात लावत नाही त्याला, पण सकाळी बघितलं तर चिकन शिजवायचं पातेलं तिनं वेगळं काढून त्याला दोरा बांधून ठेवलाय, कांद्याचा हात लागू नये म्हणून. अक्का खुर्चीत बसून लांबून त्याच्याशी बोलत असते, घाणीची पाटी मी सकाळ-संध्याकाळ काढतोय.

खानापूरच्या ताई, ऑपरेशननंतर पहिले दोन दिवस काळूला तुम्ही नक्की किती पातळ देत होता, म्हणजे सिरिंजमधून जाईल असं का चमच्यानं चाटता येईल असं? आणि गोवावेसच्या ताई, ती लोखंडी जाळी किती बारीक घेतलीय, बोट जाईल एवढी का त्याहून लहान? रविवारी बाजारात जाणार आहे.

---

खानापूर_घाटाखाली

दादा, काळूचे दात काढलेले नाहीत, त्याचं औषधानं भागलं, त्यामुळं ऑपरेशननंतरचं डॉक्टरांना विचारा. पण दुखत असताना मी ताकाएवढं पातळ करायची आणि ताटलीत पसरून द्यायची, सिरिंज तोंडात घातली की तो घाबरायचा आणि दुसऱ्या वेळेला ताटलीजवळच यायचा नाही. बोटाला लावून ओठाजवळ धरा, पहिला घास तसा घेतला की पुढचं स्वतः चाटतात. गुरुवारी काय झालं ते लिहा, वाट बघते.

---

गोवावेस_मांजरवाली

अर्ध्या इंचाची. बोट जाईल अशी घेऊ नका, बाहेरून दुसरा बोका पंजा घालतो.